कर्नलमधली ‘हिंट’ पुन्हा हिंट झाली: ५.१७ नंतरच्या इंटरप्ट अ‍ॅफिनिटीचा माझा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमचे व्हॉइस सर्व्हर मी लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ५.१० वरून ६.१ वर नेले. नव्या कर्नलमध्ये शेकडो गोष्टी बदललेल्या असतात, त्यातल्या बहुतेक आपल्याला कळतही नाहीत. पण एका बदलाने माझ्या रात्रीच्या झोपेत फरक पडला, आणि त्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू.

बदल एका वाक्यात सांगायचा तर असा: नेटवर्क कार्डाचे बरेचसे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) आता इंटरप्ट, म्हणजे ‘पॅकेट आलंय, हातातलं काम थांबवून बघ’ ही कार्डाची हाक, प्रोसेसरच्या कुठल्या कोअरवर जाणार हे परस्पर ठरवत नाहीत. कुठला इंटरप्ट कुठल्या कोअरवर, यालाच अ‍ॅफिनिटी म्हणतात. आपल्याला काय योग्य वाटतं ते फक्त सांगतात, आणि अ‍ॅडमिनने जे ठरवलं असेल ते तसंच राहू देतात. हे ५.१७ मध्ये आलं, म्हणजे मार्च २०२२ मध्ये. मी मधली कर्नलं वापरली नाहीत, थेट ६.१ वर गेले, त्यामुळे माझा अनुभव ६.१ चा आहे.

मी पुण्यात एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे, यंदा चौदावं वर्ष. आमच्याकडे हेल्पलाइनचे कॉल चालतात. त्यातली एक लाइन डायलिसिसच्या अपॉइंटमेंटची आहे. फोन करणारे बहुतेक वयस्कर लोक किंवा त्यांची मुलं-सुना. कॉलवरचा आवाज आमच्या सर्व्हरमधून छोट्या पॅकेटांनी जातो, दर २० मिलिसेकंदाला एक, म्हणजे एका दिशेने सेकंदाला ५० पॅकेट. एखादं पॅकेट उशिरा आलं तर कानाला कळत नाही. सात-आठ सलग अडकली की शब्दातलं एक अख्खं अक्षर जातं.

आमचा एकेक सर्व्हर १६ कोअरचा. त्यातले ० ते ३ हे चार कोअर मी किरकोळ कामांना ठेवले आहेत: लॉग, बॅकअप, मॉनिटरिंग आणि नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट. उरलेले बारा कोअर वेगळे काढून तिथे फक्त आवाजाची प्रक्रिया चालते. घरात दहावीचं मूल अभ्यासाला बसलं की आपण म्हणतो ना, ‘दाराची बेल वाजली तर तू उठू नकोस, मी बघते’, तीच व्यवस्था. बेल वाजणारच, कुणीतरी उठावंच लागणार. फक्त कुणी उठायचं ते आधी ठरलेलं असावं.

इंटरप्टच्या बाबतीत उठणं म्हणजे नुसतं दार उघडणं नसतं. ज्या कोअरवर कार्डाचा इंटरप्ट येतो, त्यामागची पॅकेटं उचलून वर पाठवायचं कामही सहसा त्याच कोअरवर होतं. तिथे चालू असलेला प्रोग्राम तेवढा वेळ थांबतो. तुम्ही त्याला रिअल टाइम प्राधान्य दिलेलं असलं तरी साध्या कर्नलमध्ये इंटरप्ट आणि त्यामागचं हे काम त्याच्या डोक्यावरून पुढे जातं.

आता जुन्या कर्नलवर काय झालं ते.

एका शनिवारी रात्री नेटवर्क टीमने स्विच बदलला. त्यासाठी तीन सर्व्हरचे इंटरफेस (नेटवर्क जोडण्या) एकेक करून खाली घेतले आणि पुन्हा वर आणले. सर्व्हर रीबूट झाले नाहीत, सेवा बंद पडली नाही, सगळं हिरवं दिसत होतं. सोमवारी सकाळी साडेनऊला, गर्दी वाढली तशा तक्रारी सुरू झाल्या. आमच्या टीमलीडने मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं. कॉल घेणारी मुलगी सांगत होती, ‘सत्तावीस तारीख, सकाळी आठ वाजता’, आणि पलीकडच्या आजी म्हणाल्या, ‘सतरा का? बाळा, तू मधेच गप्प का होतेस?’ त्या मुलीने तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा ‘सत्तावीस’मधला मधला तुकडा गेला. शेवटी तिने ‘वीस आणि वर सात’ असं फोड करून सांगितलं तेव्हा आजींना कळलं. डायलिसिसची तारीख दहा दिवस इकडची तिकडे झाली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. ते रेकॉर्डिंग मी अजून ठेवलं आहे.

मला कारण सापडायला दोन रात्री गेल्या. नेटवर्कमध्ये पॅकेट हरवत नव्हती. कोअरचा वापर जास्त नव्हता. शेवटी मी इंटरप्टची यादी दर सेकंदाला ताजी होईल अशी स्क्रीनवर लावली. ती यादी तुम्ही पाहिली असेल: डावीकडे इंटरप्टचा नंबर, मग प्रत्येक कोअरचा एक रकाना, उजवीकडे उपकरणाचं नाव. कार्डाच्या सोळा क्यू (पॅकेटांच्या रांगा), म्हणून सोळा ओळी. माझ्या हिशेबाने सगळे आकडे पहिल्या चार रकान्यांतच पळायला हवे होते. प्रत्यक्षात आकडे तिरपे पळत होते. पहिल्या ओळीचा शून्याच्या रकान्यात, दुसरीचा एकच्या, तिसरीचा दोनच्या, असे थेट उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. जिन्याच्या पायऱ्यांसारखे. त्यातल्या बारा पायऱ्या माझ्या राखीव कोअरवर होत्या.

बूट होताना माझी स्क्रिप्ट सोळाही इंटरप्टना ० ते ३ वर बांधते. इंटरप्ट आपोआप वाटणारा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) मी बंद ठेवलेला. कर्नलच्या बूट ओळीतही (सुरू होताना त्याला द्यायच्या सूचनांत) इंटरप्टची मूळ जागा ० ते ३ अशीच दिलेली. तरीही इंटरफेस खाली-वर झाला आणि ड्रायव्हरने स्वतःची वाटणी माझ्या वाटणीवर चढवली. लॉगमध्ये एक ओळ नाही. कार्ड कुठल्या कंपनीचं ते इथे लिहीत नाही, कारण दोष त्या एका कंपनीचा नव्हता. कर्नलने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या हातात जे हत्यार दिलं होतं, त्याचाच तो गुण होता.

या हत्याराची गोष्ट थोडी मागे जाते, आणि ती कळल्याशिवाय नव्या बदलाचं मोल कळत नाही. २०१० मध्ये, २.६.३५ या कर्नलमध्ये, ड्रायव्हरांसाठी एक फंक्शन आलं. नावातच हिंट: आयआरक्यू सेट अ‍ॅफिनिटी हिंट (आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट). काम इतकंच की ड्रायव्हरने सुचवायचं, ‘हा इंटरप्ट अमुक कोअरवर असला तर बरा’. ते सुचवलेलं प्रॉकमधल्या (कर्नल आपली माहिती जिथे दाखवतो तिथल्या) त्या इंटरप्टच्या फोल्डरात, अ‍ॅफिनिटी हिंट नावाच्या फाइलमध्ये दिसायचं. ते वाचून आयआरक्यूबॅलन्ससारख्या डीमनने किंवा अ‍ॅडमिनने निर्णय घ्यायचा. सुचवणारा वेगळा, ठरवणारा वेगळा. चांगली विभागणी होती.

मग २०१५ मध्ये, ४.० कर्नलमध्ये, त्याच फंक्शनला आणखी एक काम चिकटलं. हिंट नोंदवतानाच ती लगेच लागूही करायची. त्यामागचा विचार मला पटतो. डीमन चालू नसेल आणि अ‍ॅडमिनने काही केलं नसेल, तर सगळे इंटरप्ट एकाच कोअरवर साचू नयेत, सुरुवातीपासून पसरलेले असावेत. पण फंक्शनच्या नावात हे नव्हतं, वर्णनातही नव्हतं. आणि ‘सुरुवातीला’ म्हणजे नक्की कधी, हे कुणी बांधलं नाही. बरेच ड्रायव्हर इंटरफेस वर येताना दर वेळी हे फंक्शन बोलावतात. म्हणजे प्रत्येक वेळी ‘सुरुवात’. अ‍ॅडमिनने मधल्या काळात काय लिहून ठेवलं आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

सात वर्षं हे असंच चाललं. ज्यांनी कोअर राखून ठेवले होते, टेलिकॉमवाले, रिअल टाइमवाले, त्यांच्याच राखीव कोअरवर ड्रायव्हर इंटरप्ट आणून ठेवायचे. २०२१ मध्ये याच कारणाने चर्चा सुरू झाली, आणि इंटरप्टचा भाग सांभाळणारे थॉमस ग्लाइक्स्नर यांनी सरळ फाळणी केली. जुनं फंक्शन नापसंत ठरवलं आणि त्या जागी दोन नवी दिली. एक, अपडेट अ‍ॅफिनिटी हिंट: फक्त हिंट नोंदवतं, बाकी कशाला हात लावत नाही. दुसरं, सेट अ‍ॅफिनिटी अँड हिंट: हिंट नोंदवतं आणि लागूही करतं, आणि ते तसं करतं हे त्याच्या नावातच लिहिलं आहे.

मला या बदलात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. जुन्या फंक्शनचं वागणं गुपचूप बदललं असतं तरी चाललं असतं, चार ओळींचं काम होतं. पण मग जे ड्रायव्हर त्या लपलेल्या परिणामावर अवलंबून होते ते मोडले असते, आणि माझ्यासारखी दुसरी कुणीतरी दोन रात्री जागली असती. त्याऐवजी दोन वेगळी नावं केली आणि प्रत्येक ड्रायव्हरवाल्याला निवडायला लावलं: तुला खरंच सक्ती करायची आहे की नुसतं सुचवायचं आहे? मग एकेक ड्रायव्हर घेऊन बदलला. आय४०ई, आयएव्हीएफ, आयएक्सजीबीई, एनिक, बी२नेट, एमएलएक्स४ यांनी नुसतं सुचवायचं निवडलं. मेगारेड एसएएस आणि एमपीटी३एसएएस हे डिस्क कंट्रोलरचे ड्रायव्हर, तसंच एमएलएक्स५, यांनी लागू करणारं घेतलं, पण आता ते उघडपणे. कोडमध्ये ती ओळ वाचली की पुढे काय होणार ते कळतं.

सुचवण्यावर समाधान मानायला एक आधारही होता. २०१८ च्या सुरुवातीपासून एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) कर्नल स्वतःच नवे इंटरप्ट देताना कमी भार असलेला कोअर बघून पसरवतो. त्यामुळे ड्रायव्हरने पसरवायची गरजच राहिलेली नव्हती.

माझी चाचणी साधी होती. दोन सारखी मशिनं, सारखीच कार्डं. एकावर ५.१०, दुसऱ्यावर ६.१. दोन्हीकडे बूट ओळ तीच, स्क्रिप्ट तीच, डीमन बंद. सोळाही इंटरप्ट ० ते ३ वर आहेत हे तपासलं. मग इंटरफेस खाली, दहा सेकंद थांबून वर.

५.१० वर आठव्या क्यूच्या इंटरप्टची एसएमपी अ‍ॅफिनिटी लिस्ट (तो कुठल्या कोअरवर जाऊ शकतो ते सांगणारी फाइल) वाचली: ७. आधी तिथे ०-३ होतं. ६.१ वर तीच फाइल वाचली: ०-३. जसं ठेवलं होतं तसं. मग शेजारची अ‍ॅफिनिटी हिंट फाइल उघडली. त्यात हेक्समध्ये ८० होतं, म्हणजे ७ नंबरचा कोअर. ड्रायव्हरला अजूनही वाटतं की हा इंटरप्ट ७ वर असावा. तो ते सांगतोय. आणि इंटरप्ट माझ्या सांगण्याप्रमाणे ० ते ३ मध्येच आहे. मी त्या दोन फाइली शेजारी-शेजारी ठेवून स्क्रीनचा फोटो काढला आणि टीमच्या ग्रुपवर टाकला.

त्या रात्री मी इंटरफेस वीस वेळा खाली-वर केला. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदलून पाहिला, रिंग बफर (कार्डाची पॅकेटं ठेवायची जागा) वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. ० ते ३ हलले नाहीत. मग स्क्रिप्ट काढून टाकून रीबूट केलं, फक्त बूट ओळीतली मूळ जागा ठेवली. तरीही सोळाही ० ते ३ वर आले. जुन्या कर्नलवर ही बूट ओळ या कार्डासाठी असून नसल्यासारखी होती, कारण ड्रायव्हर लगेच तिच्यावर स्वतःची वाटणी टाकायचा. आता ती ओळ जे म्हणते ते होतं.

पाचपैकी चार गुण. एक गुण का कापला, ते सांगते.

पहिली अडचण अशी की जुनं फंक्शन अजून आहे. नापसंत असं कोडमधल्या शेऱ्यात लिहिलंय, पण वापरलं तर चालतं, आणि तसंच चालतं जसं पूर्वी चालायचं: लागू करतं. कर्नलच्या झाडातले सगळे ड्रायव्हर एका दमात बदलले नाहीत. त्यातून काही लोक कार्डाबरोबर मिळालेला वेगळा ड्रायव्हर बाहेरून बसवतात. तो कुठल्या फंक्शनवर चालतो हे त्याचा सोर्स उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडेच एका मशिनवर असा बाहेरचा ड्रायव्हर होता, आणि तिथे ६.१ असूनही जिन्याच्या पायऱ्या परत दिसल्या. कर्नलबरोबर येणारा ड्रायव्हर बसवला आणि पायऱ्या गेल्या. त्यामुळे ‘नवं कर्नल घातलं, आता काळजी नाही’ असं कुणी धरू नये. आधी इंटरफेस खाली-वर करून बघा.

दुसरी गोष्ट, अ‍ॅडमिनला हे कळण्याची सोयच नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी शेरे स्वच्छ आहेत, मी ते वाचूनच हे सगळं समजून घेतलं. पण मशिनसमोर बसलेल्या माणसाला, हा ड्रायव्हर फक्त सुचवतो की सक्ती करतो, हे दाखवणारी एक फाइल असती तर किती बरं झालं असतं. अ‍ॅफिनिटी हिंट फाइलमध्ये आकडा दिसतो, तो नुसता सल्ला आहे की आज्ञा, हे तिथे लिहिलेलं नसतं.

तिसरं, एक्स८६ बाहेरच्यांसाठी. ड्रायव्हरने पसरवायची गरज उरली नाही, हा आधार एक्स८६ च्या वाटणीवर उभा आहे. तुमच्याकडे आर्म प्रोसेसरची छोटी बोर्डं असतील, विशेषतः जुन्या इंटरप्ट कंट्रोलरची, तर तिथे मोकळा मास्क असला (कुठलाही कोअर चालेल असं ठेवलं) की इंटरप्ट एकाच कोअरवर साचू शकतात. पूर्वी ड्रायव्हरची ती लपलेली सक्ती तुम्हाला नकळत वाचवत असेल. तिथे कर्नल बदलल्यावर इंटरप्टची यादी आवर्जून बघा आणि गरज पडली तर स्वतः पसरवा.

एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कवाल्यांनी यातून आपल्याला काही मिळेल अशी अपेक्षा धरू नये. त्यांचे बहुतेक इंटरप्ट मॅनेज्ड प्रकारचे असतात, म्हणजे त्यांची जागा कर्नल स्वतः सांभाळतो. तिथे फाइलमध्ये काही लिहायला गेलात तर इनपुट-आउटपुट एरर येते आणि विषय संपतो. त्यासाठी बूट ओळीतल्या आयसोल सीपीयूज (कोअर राखून ठेवण्याच्या) सूचनेत मॅनेज्ड आयआरक्यू हा पर्याय आहे, ५.६ पासून. तो शक्य तितकं राखीव कोअर टाळतो, हमी देत नाही.

आयआरक्यूबॅलन्स चालू ठेवणाऱ्यांना कदाचित काहीच फरक जाणवणार नाही. तो डीमन दर काही सेकंदांनी आपल्या हिशेबाने इंटरप्ट हलवतच असतो, आणि हिंटकडे दुर्लक्ष करणं हाच पुढे त्याचा नेहमीचा पवित्रा झाला. साधा वेब सर्व्हर असेल, डेटाबेस असेल, तर तो चालू राहू द्या आणि हा लेख विसरा. हा बदल आमच्यासारख्यांसाठी आहे: ज्यांचं काम मिलिसेकंदात मोजलं जातं, ज्यांनी कोअर राखून ठेवले आहेत आणि ते राखीवच राहावेत अशी ज्यांना गरज आहे. आवाज, व्हिडिओ, शेअर बाजार, कारखान्यातली नियंत्रणं, टेलिकॉम.

तुम्ही ५.१० किंवा ५.१५ वर अडकला असाल, आणि अशी मशिनं बरीच आहेत, तर तिथे एक पर्याय मी सव्वा वर्ष चालवला. इंटरफेस वर आला की आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, जी सोळाही इंटरप्ट पुन्हा ० ते ३ वर बांधते. ती चालते, पण इंटरफेस वर येणं आणि स्क्रिप्ट संपणं यात थोडा वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात राखीव कोअरवर पॅकेटं येतात. कॉल चालू असतील तर कानाला कळतं. शिवाय प्रत्येक नव्या मशिनवर ती आहे ना हे लक्षात ठेवावं लागतं. ज्या सोमवारच्या तक्रारी मी वर सांगितल्या, त्या मशिनवर ती स्क्रिप्ट फक्त बूटला बांधलेली होती.

आता आमच्या चौदापैकी बारा मशिनं ६.१ वर आहेत. डायलिसिसच्या लाइनवर आवाज तुटल्याची तक्रार बदलानंतर माझ्याकडे आलेली नाही. गेल्या महिन्यात नेटवर्क टीमने पुन्हा एक स्विच बदलला, यावेळी दुपारी, कॉल चालू असताना. मी यादी स्क्रीनवर लावून बसले होते. इंटरफेस खाली गेला, आकडे थांबले. वर आला, आणि सोळाही ओळींचे आकडे पहिल्या चार रकान्यांतच पुन्हा पळायला लागले. उजवीकडचे बारा रकाने कार्डाच्या ओळींत जागच्या जागी राहिले, एकही अंक हलला नाही. पाच मिनिटं बघत बसले.

उरलेल्या दोन मशिनवर तो बाहेरचा ड्रायव्हर आहे. येत्या रविवारी रात्री दोन वाजता त्यांची पाळी. आधी ड्रायव्हर बदलणार, मग कर्नल, मग इंटरफेस दहा वेळा खाली-वर, आणि त्यानंतरच कॉल सोडणार.